परवाना एका वर्षाचा असतो

मागे उभ्या असलेल्या मुलींनो, पुढे सतरंजीवर जागा आहे, या. पत्रिकेवर विषय छापलाय 'दारू परवान्यांचे नूतनीकरण आणि स्थानिक स्वराज्य संस्था'. मला सांगायचंय ते एवढंच, की दुकानाचा परवाना 31 मार्चला संपतो, 1 एप्रिलला पुन्हा सुरू होतो आणि मधल्या वेळात गावाला कुणी काही विचारत नाही. हे मला कळलं एका हरलेल्या मतदानानंतर, म्हणून आधी ते सांगते.

आमच्याकडे देशी दारूचं दुकान एसटीच्या थांब्यासमोर. हायस्कूलच्या पोरी तिथंच गाडीची वाट बघायच्या. 2008 च्या सरकारी आदेशाप्रमाणे 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर दुकान ठेवायचं की बंद करायचं यावर गुप्त मतदान घेता येतं. बचत गटाच्या आम्ही बायका दारोदार फिरलो. सह्या झाल्या म्हणून काम संपत नाही. पडताळणीला प्रत्येकीनं साहेबांसमोर जाऊन 'ही सही माझीच' असं सांगायचं. बोलावणं आलं ते नेमकं सोयाबीन काढणीत. दिवसाची मजुरी सोडून बायका आल्या. एकीचा नवरा रात्री तिला घरात घेईना, ती माझ्याकडे झोपली आणि सकाळी पुन्हा रांगेत उभी राहिली.

मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. मी हे समजावत होते तर एक आजी म्हणाल्या, "बाई, आमच्या घरचा रोज आडवा असतोय, एक दिवस बाटलीला पडू दे की आडवी!" (हशा) आम्हीही अशाच हसलो होतो. मतदानाच्या दिवशी त्या आजी नातीचा हात धरून पहिल्या नंबराला आल्या.

मोजणी झाली. मत दिलेल्या पाचांतल्या चौघींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला होता. तरी आम्ही हरलो. कारण झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त लागतात. डिसेंबर महिना. निम्मी वस्ती ऊसतोडीला कारखान्यावर. लग्न होऊन गेलेल्या लेकी यादीत, पुण्यात धुणीभांडी करणाऱ्या यादीत. माझ्या सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती, त्यांचंही नाव यादीत. दारूपायी जन्मभर मार खाल्लेली बाई मेल्यानंतर दुकानाच्या बाजूनं मोजली गेली. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. आमदाराला निवडून यायला ही अट नाही, सरपंचाला नाही. मग ती आमच्यावरच का?

दुसऱ्या दिवशी कचेरीतले एक कारकून हळूच म्हणाले, "बाई, त्यांचा परवाना एप्रिलमध्ये पुन्हा होईलच. फी भरली की झालं." तेव्हा डोक्यात उजेड पडला. दुकान बंद करायला आम्ही डोंगर चढायचा आणि चालू ठेवायला त्यांनी नुसतं चलन भरायचं!

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. बरं, मुद्द्याचं भरभर सांगते.

नूतनीकरण हा हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2016 मध्ये महामार्गालगतच्या दारूविक्रीवर बंदी आणली, तेव्हा चालू परवाने मध्येच तोडले नाहीत. मुदत संपू द्या, 1 एप्रिल 2017 नंतर पुढे देऊ नका, असं सांगितलं. पुढे त्या निकालात सवलती आल्या, ते वेगळं. पण खरं दार कुठलं ते न्यायालयानं दाखवलं. मार्च 2025 मध्ये विधानसभेत जाहीर झालं, की गृहनिर्माण सोसायटीच्या गाळ्यात दारूचं नवं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. चांगलंच आहे. मग वर्षानुवर्षं चालत आलेल्या दुकानाबद्दल शेजाऱ्यांना का विचारू नये?

मी दारूबंदी मागत नाहीये. चंद्रपूरची 2015 ची बंदी 2021 मध्ये उठली, हे मला माहीत आहे. 2015 मध्येच मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, तेही विसरलेले नाही. मी मागतेय ती वर्षातून एकदा झाडाझडती. दुकान वेळेत बंद होतं का, शाळकरी पोरांना बाटली मिळते का, रस्ता अडतो का, ठाण्यात तक्रारी किती. 26 जानेवारीची ग्रामसभा नूतनीकरणाच्या दोन महिने आधी येते. हा विषय तिथं घ्या, शहरात असाल तर नगरसेवकाकडून सभेत मांडून घ्या, आणि ठराव जिल्हाधिकारी व उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे पाठवून पोच घ्या. अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भागातल्या गावांना तर 1996 च्या पेसा कायद्यानं मद्यविक्रीवर नियंत्रणाचा अधिकारच दिलाय. बाकीच्यांचा ठराव साहेबांवर बंधनकारक नाही, मान्य. पण तो फाईलला लागला की सही करणाऱ्याला वाचावा लागतो.

मतदार यादीचंही बघा. वारलेल्यांची आणि सासरी गेलेल्यांची नावं कमी करायला नमुना सातचा अर्ज असतो. आमच्या गटानं आता घरोघर जाऊन तेच काम धरलंय, सासूबाईंचा अर्ज मी सगळ्यात आधी भरला. ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा बाहेर टेबलावर ठेवलाय. गावाचं नाव आणि दुकानाचा परवाना क्रमांक तेवढा रिकामा आहे, तो जाताना भरून न्या.