बारा पंच आणि एक तास

नोव्हेंबरअखेरचा गुरुवार. इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्स्टन हे छोटंसं गाव. कोवळ्या गव्हातून पंच निघालेत, हातात हातोडा आणि लाकडी खुंट्या.

या रानाला ना कुंपण, ना बांध. एकाचा पट्टा संपला की लगेच शेजाऱ्याचा सुरू. बांध कोरला तर निदान दिसतो. इथे नांगराचं एक तास पलीकडे सरकलं, तर पीक वर आल्यावर कुणाला कळणार? म्हणून गहू वीतभर व्हायच्या आतच पंच येतात. हद्दीची रेषा नजरेनं जोखतात, खुंटी ठोकतात. कुणी शेजाऱ्यात किंवा वाटेत घुसलं असेल, तर दंड लागतो.

वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड, अशी तीन रानं. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातला पेरा, तिसरं पड. दरवर्षी पाळी पुढे सरकते. पंच पाहतात ते गव्हाचं रान, म्हणजे प्रत्येक रानाची तपासणी तीन वर्षांतून एकदा. पूर्वी कापणी झाली की गावची गुरं रानात सुटायची. एकानं उशिराचं पीक घेतलं, तर ते गुरांच्या तोंडी जायचं. पाळी सगळ्यांनी सारखीच पाळायची, यामागचं कारण इतकं रोकडं होतं. ओलीमुळे जिथे नांगर चालत नाही, त्या गवताळ पट्ट्यांना साइक म्हणतात. त्यांच्यावरच्या गवताचा लिलाव होतो.

1635 मध्ये मार्क पिअर्सनं या गावाचा नकाशा काढला. दोन हजारांहून जास्त पट्टे, आणि मधूनमधून नांगर धरणारी, शिकार करणारी चिमुकली माणसं! आज तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. काढून घेतला होता जमिनीचा मालक, लंडनचा व्यापारी सर विल्यम कोर्टेन यानं. त्याच्याच व्यापारी गटाची जहाजं 1636 मध्ये कप्तान जॉन वेडेल गोव्याला घेऊन आला. एकाच माणसाचा पैसा इथल्या पट्ट्यांत आणि मांडवीच्या बंदरात!

पुढे संसदेच्या कायद्यांनी इंग्लंडभर अशी रानं एकत्र करून कुंपणात बंद केली. लॅक्स्टनमध्ये मोठे जमीनदार दोन, त्यांचं एकमत होईना, रानं वाचली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बारीक पट्टे जोडून मोठे केले, पण पद्धत मोडली नाही. 1952 मध्ये जमीन सरकारनं घेतली, 1981 मध्ये क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजगादीची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेली, 2020 मध्ये थोर्सबी इस्टेट या खासगी जमीनदारीकडे. मालक बदलत गेले, पंच राहिले. 1977 च्या कायद्यानं देशातल्या अशा जुन्या न्यायसभांचे अधिकार काढले, तेव्हाही लॅक्स्टनची न्यायसभा, म्हणजे कोर्ट लीट, वगळली गेली.

पाहणीनंतरच्या गुरुवारी हे कोर्ट डव्हकोट इन या गावच्या पबमध्ये भरतं. दंड ठरतात, आणि पुढच्या वर्षीच्या गव्हाच्या रानासाठी नवे बारा पंच शपथ घेतात.