तलावपाळीवरची वही

(दृश्य: ठाण्यातला मासुंदा तलाव, पहाटे. कठड्यालगतचा बाक. बाकावर दोऱ्याने शिवलेली एक जुनी वही.)

सकाळचे साडेसहा. तलावातल्या नावा अजून काठाला बांधलेल्या आहेत. कोपिनेश्वराच्या देवळातून घंटा ऐकू येते. फेऱ्या मारून झालेली माणसं एकेक करून बाकावर टेकतात, कोणीतरी चहाचे ग्लास घेऊन येतं.

माझे बाबा पिशवीतून वही काढतात. बाहेरून पाहिली तर दूधवाल्याच्या हिशेबाची वाटेल. आत एकाच कंपनीचे आकडे आहेत, वर्षाला एक ओळ. या वहीत शेअरचा भाव कुठेही लिहिलेला नाही. मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "भाव काय, फोनवर दिसतो. फोनवर दिसत नाही ते लिहून ठेवतो."

(दृश्य: बाकावरचे पाच जण, पाठमोरे.)

कंपनी वैद्यकीय उपकरणं बनवते. रुग्णाच्या खाटेशेजारी जे मॉनिटर असतात, ठोके, रक्तदाब, रक्तातला ऑक्सिजन दाखवणारे, ते. तिचं नाव आम्ही घेणार नाही. अमुक शेअर घ्या किंवा विका असा सल्ला लोकांना द्यायचा तर सेबीकडे, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी लागते. आमच्यापैकी कोणाची ती नाही, आणि ही फिल्म त्यासाठी केलेलीही नाही. वर्षानुवर्षं जवळजवळ जागीच उभ्या असलेल्या एका शेअरपाशी ही पाच माणसं थांबून नेमकं काय करतात, एवढंच मला समजून घ्यायचं होतं.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात, होते. १९६२ साली एमआयडीसीचा, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाचा, जन्म झाला तो याच वागळे इस्टेटमध्ये. पुढे तिथल्या एकेका शेडला कुलूप लागत गेलं आणि बाबांच्या हातात व्हीआरएसचे, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे, पैसे आले. त्याआधी, १९९२च्या शेअर घोटाळ्याच्या तोंडावर, कोणाच्या तरी टिपवर घेतलेल्या शेअरचे काही कागद आमच्या ट्रंकेत कायमचे पडले होते. आई त्यांना हात लावू देत नसे, म्हणायची, राहू देत, डोळ्यांसमोर असलेले बरे. म्हणून व्हीआरएसमधले बहुतेक पैसे बँकेत आणि पोस्टात गेले. थोडेसे या कंपनीत.

बाकीचे चौघं तलावपाळीवरच जोडले गेले. बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेले एक काका. शाळेत गणित शिकवलेल्या एक बाई. सरकारी रुग्णालयात तीस वर्षं काम केलेल्या सिस्टर. त्यांना आजही सगळे सिस्टरच म्हणतात. आणि कळव्याचा एक तरुण. तो ऐरोलीला आयटी कंपनीत आहे आणि रात्रपाळी संपवून इथे येतो.

(दृश्य: सिस्टर, जवळून. हातात चहाचा ग्लास.)

या कंपनीची वाढ इतकी हळू का, हे मी आधी कॅशियर काकांना विचारलं होतं. त्यांनी सिस्टरकडे बोट दाखवलं. "आम्ही ताळेबंद वाचतो. मशीन त्यांनी वापरलंय."

सिस्टर सांगू लागल्या. रुग्णालय एकदा एका कंपनीचं मॉनिटर घेतं, की सहजासहजी बदलत नाही. नवं मशीन आलं की प्रत्येक वॉर्डातल्या सिस्टरना पुन्हा शिकवावं लागतं. बटणं वेगळी, आवाज वेगळा. जुन्या केबल नव्या मशीनला लागत नाहीत. बोटाला लावायचा प्रोब रात्री दोनला गेला, तर सकाळपर्यंत थांबायचं की कंपनीचा इंजिनिअर तासाभरात येणार? रुग्णालयाचा माणूस किंमत विचारतो तेवढ्याच वेळा हे विचारतो. म्हणजे कंपनीला नुसतं मशीन विकून भागत नाही. त्या शहरात माणूस ठेवावा लागतो, सुटे भाग ठेवावे लागतात, आणि तेसुद्धा दहा-बारा मशीनं विकली जाण्याच्या आधी.

मग सिस्टर अलार्मबद्दल बोलल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. "हात गार पडला, नखाला पॉलिश असलं, पेशंट नुसता कुशीवर वळला, तरी काही मशीनं ओरडतात. रात्रभर उगाच ओरडणाऱ्या मशीनचा आवाज माणूस कमी करून ठेवतो. आणि मग खरंच ओरडतं, तेव्हा ऐकू येत नाही. मी पाहिलंय हे." थोडा वेळ त्या तलावाकडे बघत राहिल्या. "ज्या मशीनवर विश्वास बसला, ते आम्ही सोडत नव्हतो. पण विश्वास बसायला दोन-तीन वर्षं जायची."

शेअरबाजारात तिमाहीचा निकाल पंचेचाळीस दिवसांत लावावा लागतो. वॉर्डातल्या सिस्टरचा विश्वास कुठल्या तिमाहीत मोजायचा?

(दृश्य: बाबांचा हात. वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलने केलेला गुणाकार.)

बाबांचं कारण टूलरूममधून येतं. धातू थकतो, हे त्यांनी हाताने अनुभवलेलं आहे. या विषयावर बोलताना ते नेहमी चित्रा झडपेची गोष्ट सांगतात. मी ती लहानपणापासून ऐकत आले आहे आणि मला ती अजूनही पुन्हा ऐकावीशी वाटते.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हृदयात बसवायची कृत्रिम झडप भारतात तयार करायचं काम सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालं. परदेशी झडप इथल्या बहुतेक रुग्णांना परवडत नव्हती. पहिला नमुना बाद झाला. दुसरा बाद झाला. तिसऱ्यात नीलमाची चकती होती, ती चाचणीत तुटली. चौथ्या नमुन्यात चकती एका चिवट प्लास्टिकची केली, ती टिकली. डिसेंबर १९९० मध्ये ही झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. तेव्हापासून अशा एक लाखाहून अधिक झडपा बसवल्या गेल्या आहेत.

वहीतला गुणाकार त्या झडपेचा आहे. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर वर्षाला ३ कोटी ७८ लाखांहून जास्त होतात. दहा वर्षांत जवळजवळ ३८ कोटी. तितक्या वेळा उघडून मिटून जो भाग झिजत नाही, तोच छातीत ठेवता येतो. बाबा म्हणतात, "आमच्याकडे एखादी डाय, साचा, मोडली तर शिफ्ट थांबायची. इथे काय थांबेल, बघ."

आमच्या कंपनीची मॉनिटरं शरीराबाहेरच राहतात, त्यांची परीक्षा एवढी कडक नाही. पण तपासणी, पुरावा, परवाना हा रस्ता तोच. भारतात वैद्यकीय उपकरणांचे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून सगळीच उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली, आणि धोक्याच्या वर्गवारीनुसार आधी २०२२ च्या, मग २०२३ च्या ऑक्टोबरपासून परवाने सक्तीचे झाले. युरोपात माल पाठवायचा तर तिथला नवा, कडक कायदा २६ मे २०२१ पासून लागू आहे. जुनं प्रमाणपत्र असलेल्या यंत्रांसाठीही पुन्हा पुरावे गोळा करा, पुन्हा रांगेत उभे राहा. त्या रांगा इतक्या लांबल्या, की २०२३ मध्ये युरोपने जुन्या उपकरणांची मुदत २०२७ आणि २०२८ पर्यंत वाढवली. या काळात निकालात खर्च दिसतो, विक्री दिसत नाही.

(दृश्य: कॅशियर काका फरशीवर खडूने आकडे लिहितात.)

तरुण मुलाचा प्रश्न मात्र साधा होता. "विक्री वाढतेय, नफा वाढतोय, मग भाव का हलत नाही?"

काकांनी खाली वाकून फरशीवर लिहिलं. समजा शेअरमागे नफा ५ रुपये. लोक त्याच्या तीसपट भाव द्यायला तयार. भाव झाला १५०. वर्षाला आठ टक्क्यांनी नफा वाढला तर नऊ वर्षांत दुप्पट होतो, म्हणजे १० रुपये. पण तोवर लोकांचा उत्साह उतरला, आता ते पंधरापटच देतात. भाव किती? १५०.

तो मुलगा आकड्यांकडे बघत राहिला. नऊ वर्षं कंपनीने काम केलं, आणि शेअर घेणाऱ्याच्या हाती लाभांशाशिवाय काही लागलं नाही. सुरुवातीलाच त्याने पुढच्या नऊ वर्षांची किंमत मोजून टाकली होती. त्याच काळात ते पैसे बँकेत मुदत ठेवीत असते तर वाढलेच असते. धीर धरण्याची ही किंमत आहे, आणि लहान माणसाने ती मोजून घ्यायला हवी असं मला वाटतं. "लाँग टर्म आहे" एवढं म्हणून ती मिटत नाही.

(दृश्य: वहीचं एक पान. चार रकाने.)

तर वहीतले रकाने. पहिला, विक्री. दुसरा, उधारी किती दिवसांची. रुग्णालयांकडून, विशेषतः सरकारी टेंडरमधून, पैसे उशिरा येतात. वर्षाची विक्री १०० कोटी आणि येणं ४० कोटी असेल, तर गिऱ्हाइकाकडून पैसे यायला १४६ दिवस लागतात. विक्री वाढतेय आणि हे दिवसही वाढतायत, असं दिसलं की बाबा त्या आकड्याखाली लाल रेघ मारतात. माल गेला, बिल झालं, पैसे कुठे आहेत?

तिसऱ्या रकान्यासाठी बाईंचा आग्रह होता: कंपनीचे एकूण शेअर किती. नफा १० कोटी आणि शेअर एक कोटी, तर शेअरमागे १० रुपये. नफा १५ कोटी झाला, पण मधल्या काळात नवे शेअर काढून संख्या दीड कोटी केली, तर पुन्हा १० रुपयेच. बातमीत नफा दीडपट. बाईंच्या भाषेत, "वडी मोठी केली, पण पानंही वाढवली." अशी नवी शेअरविक्री ठराविक लोकांना करायची तर विशेष ठराव लागतो, पडलेल्या मतांपैकी पंचाहत्तर टक्के बाजूने हवी. त्याची नोटीस घरी किंवा मेलवर येते आणि बहुतेक लोक ती न उघडताच पुसून टाकतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चौथा रकाना संशोधनावरच्या खर्चाचा. त्यात एक मेख आहे, ती काकांनी शिकवली. यातला नवं यंत्र विकसित करण्यावरचा खर्च नफ्यातून वजा न करता "विकसित होत असलेली मालमत्ता" म्हणून ताळेबंदात ठेवता येतो. नियमात बसत असेल तर त्यात चूक नाही. पण तो आकडा दरवर्षी फुगत असेल आणि त्यातून बाजारात एकही नवं यंत्र येत नसेल, तर तिथे मालमत्ता आहे की नुसता कागद, हे विचारायला हवं.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर भागधारकांची यादी. एका ओळीवर बोट.)

दर तिमाहीनंतर एकवीस दिवसांच्या आत कंपनीला आपले शेअर कोणाकडे किती आहेत ते एक्सचेंजला कळवावं लागतं. प्रवर्तक, म्युच्युअल फंड, परदेशी गुंतवणूकदार. खाली एक ओळ असते: दोन लाखांपर्यंतचं दर्शनी भांडवल (बाजारभावाने नाही, शेअरच्या मूळ ठरवलेल्या किमतीने) असलेल्या व्यक्ती. या ओळीत आमचे पाच जण आहेत. नावं नाहीत, फक्त संख्या.

आता चार जण. गेल्या दिवाळीनंतर सिस्टरनी आपले सगळे शेअर विकले. धाकट्या बहिणीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होतं आणि घरात दुसरं कोणी कमावतं नव्हतं. त्या दिवशी बाकावर कोणी "अजून थांबायला हवं होतं" असं म्हणालं नाही. काकांनी फक्त हिशेब करून दिला: वर्षभराहून जास्त काळ ठेवलेल्या शेअरवर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. सिस्टरचा नफा सव्वा लाखाच्या आतच होता. त्या अजूनही रोज येतात. निकाल आला की पहिला प्रश्न त्यांचाच असतो: "प्रोबचं काय केलं त्यांनी?"

हे सगळं चित्रित करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. गुंतवणुकीवरच्या भाषणांमध्ये धीर हा स्वभावाचा गुण असल्यासारखा सांगतात. तलावपाळीवर तो बराचसा घरच्या परिस्थितीवर ठरतो. ज्याच्याकडे पेन्शन आहे, ज्याचं दुखणं अजून आलेलं नाही, तो थांबू शकतो.

(दृश्य: आमच्या घरातली बैठकीची खोली. टेबलावर लॅपटॉप. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आहे.)

सप्टेंबरमध्ये वार्षिक सभा झाली. पूर्वी बाबा सभेला सभागृहात जायचे, लोकलने, डबा घेऊन. आता सभा पडद्यावर होते. बोलायचं असेल तर आधी मेल करून नाव द्यावं लागतं. बाबांनी ते दिलं होतं. प्रश्न बाईंनी शुद्ध करून दिला होता, एका कागदावर, मोठ्या अक्षरात.

बाबांचा नंबर बराच उशिरा लागला. त्यांच्या आधीच्या दोघांनी व्यवस्थापनाचं अभिनंदन केलं. बाबांनी नमस्कार केला, फोलिओऐवजी आता डीमॅट खात्याचा क्रमांक सांगायचा असतो तो सांगितला, आणि वाचायला लागले. तीन वर्षांत उधारीचे दिवस सलग वाढले आहेत. त्यातली सहा महिन्यांहून जुनी रक्कम किती, आणि ती कोणत्या प्रकारच्या गिऱ्हाइकांकडे आहे? दुसरं, प्रोब आणि केबल यांचे सुटे भाग किती शहरांत ठेवले जातात?

दुसरा प्रश्न सिस्टरचा होता. त्यांच्याकडे आता एकही शेअर नाही, तरी बाबांनी तो विचारला.

अध्यक्षांनी सौजन्याने ऐकून घेतलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर वार्षिक अहवालातल्या टिपांमध्ये आहे, म्हणाले. ते खरं होतं, जुन्या येण्यांचा तक्ता तिथे आहे. गिऱ्हाइकांची विभागणी नाही. दुसऱ्याचं उत्तर मेलने पाठवू, असं सांगून त्यांनी पुढचं नाव घेतलं.

(दृश्य: वही उघडी. या वर्षाची ओळ. चार आकडे, त्यातल्या दुसऱ्याखाली लाल रेघ. समासात पेन्सिलने: प्रोब?)

सभेला पाच आठवडे झाले. मेल आलेला नाही. परवा बाबांनी आठवण करून देणारा दुसरा मेल पाठवला, मराठीत आणि इंग्रजीत. आज सकाळी तलावपाळीवर सिस्टरनी विचारलं, तेव्हा त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि पुन्हा एकदा बघितलं.