‘नाही’ म्हणणाऱ्याला पटेल असं लिहायचं कसं

नमस्कार मंडळी. विषय मोठा दिलाय मला, सरकारी धोरणांवर पटेल असं लिखाण कसं करायचं, पण मी त्यातला एकच तुकडा घेणार आहे, तो म्हणजे वाचक. आणि वाचक म्हणजे तुमच्याशी आधीच सहमत असलेला माणूस नाही. तो "अगदी मनातलं लिहिलंत" म्हणेल, चार जणांना पाठवेल, झालं. धोरण बदलतं ते ज्याच्या सहीने बदलतं, किंवा ज्याच्या विरोधामुळे अडून बसलंय तो थोडा बाजूला सरकला तर बदलतं, आणि हा माणूस वाचायला बसतो तेव्हाच त्याच्या मनात बऱ्याचदा ‘नाही’ पक्कं असतं. त्याच्यासाठी लिहायचं. त्याला मूर्ख किंवा विकला गेलेला समजून लिहिलंत तर तो दुसऱ्या परिच्छेदालाच कागद बाजूला ठेवतो, आणि खरं सांगायचं तर बरोबरच करतो.

आता एक वाक्य बघा. "वाढती वाहतूक कोंडी ही गंभीर समस्या बनली असून प्रशासनाने त्यावर तातडीने ठोस उपाययोजना करणे ही काळाची गरज आहे." असली वाक्यं आपण सगळेच वाचतो. यात चूक काय? तर याला कुणीच विरोध करू शकत नाही, हीच चूक. प्रशासन म्हणजे नेमकं कोण, रस्ता ज्याच्या ताब्यात आहे ते खातं, पोलीस की बस चालवणारे? ठोस म्हणजे काय, पैसे कुठल्या खात्यातून, त्रास कुणाला? काहीच नाही. अधिकारी हे वाचून मान डोलावतो आणि पुढची फाईल उघडतो.

आता हेच असं लिहा: "शाळेच्या फाटकासमोरच्या रस्त्यावर शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास खासगी गाड्यांना बंदी करा, आदेश वाहतूक पोलिसांनी काढावा, फक्त एका सत्रापुरता, तिथे राहणाऱ्यांना पास द्यावेत आणि सत्र संपल्यावर शेजारच्या रस्त्यांवर गर्दी किती वाढली ते मोजून पुढचं ठरवावं." वाक्य लांबलंय, असू दे. पण आता लगेच तीन माणसं उभी राहतात भांडायला. ज्यांना पोराला सोडून थेट ऑफिस गाठायचंय ते आईबाप, शेजारच्या गल्लीतले लोक, आणि "माझ्याकडे माणसं कुठे आहेत उभी करायला" म्हणणारा पोलीस अधिकारी. उत्तम! आता तुमच्या लेखाला विषय मिळाला, कारण या तिघांना काय सांगायचं हाच लेख.

म्हणून माझी पद्धत अशी, की आपल्या बाजूचे मुद्दे नंतर, समोरच्याचा सगळ्यात जोरदार आक्षेप आधी लिहून काढायचा, आणि तोही असा की त्याने वाचलं तर म्हणावं, हो, माझं म्हणणं हेच आहे. लंगडा आक्षेप घेऊन त्याला आडवं पाडणं सोपं असतं, सगळे तेच करतात.

हे किती कामाचं आहे ते जॉन स्नोच्या प्रकरणात दिसतं. लंडन, 1854, सोहो भागात ऑगस्टच्या शेवटी कॉलरा फुटला आणि दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसं गेली. तेव्हाचे बहुतेक जाणकार मानायचे की रोग घाणेरड्या हवेतून येतो. स्नो डॉक्टर होता, त्याचं म्हणणं पाण्यातून येतो. त्याने मृत्युनोंदणी कार्यालयातून सुरुवातीच्या 83 मृत्यूंची यादी काढली आणि दिसलं की बहुतेक सगळे ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका सार्वजनिक पंपाच्या आसपासचे. इथे आपण असतो तर लेख छापायला पाठवून मोकळे झालो असतो. पण विरोधक काय म्हणणार? त्या भागाची हवाच खराब असेल, पंप नुसता तिथे उभा आहे. आणि यादीतले 10 जण तर दुसऱ्या पंपाच्या जवळ राहणारे, त्यांचं काय?

स्नो त्या दहा जणांच्या मागे लागला. पाच घरांतल्या लोकांनी सांगितलं की आम्ही नेहमी ब्रॉड स्ट्रीटचंच पाणी आणवायचो, ते आवडायचं म्हणून. आणखी तिघं लहान मुलं, त्या पंपाजवळच्या शाळेत जाणारी. राहिले दोन, ते त्याने सरळ राहू दिले, कॉलराचे एरवीही तुरळक मृत्यू होतच होते असं म्हणून. मग उलट्या बाजूने गेला. पंपाच्या अगदी जवळ 535 माणसांचं अनाथ-गरिबांचं वसतिगृह होतं, तिथे फक्त 5 मेले. का? त्यांची स्वतःची विहीर होती. त्याच रस्त्यावर बीअरचा कारखाना, सत्तरच्या वर कामगार, कॉलराने एकही गेला नाही, त्यांना कामावर बीअर मिळायची आणि पंपाकडे कुणी फिरकतही नव्हतं. आणि सगळ्यात भारी म्हणजे हॅम्पस्टेडची एक विधवा बाई, सोहोपासून लांब, चांगल्या हवेत राहणारी, तीही कॉलराने गेली. चौकशी केली तर तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची म्हणून ती रोज गाडीवरून बाटली भरून मागवायची. आता बोला, हवा कुठे आली यात?

एक गंमत सांगतो, सगळ्यांना स्नोचा तो मृत्यू काळ्या रेघांनी दाखवणारा नकाशा माहीत असतो आणि नकाशा दाखवला नि पंपाचा दांडा काढला अशी गोष्ट सांगितली जाते. नकाशा नंतरचा आहे. 7 सप्टेंबरला तो स्थानिक मंडळासमोर गेला तो यादी आणि चौकशी घेऊन, आणि मागणी काय, तर एका पंपाचा दांडा काढा. दुसऱ्या दिवशी काढला. त्याने जर "हवेचा सिद्धांत सोडून द्या" अशी मागणी केली असती तर ती मंडळी महिनाभर वाद घालत बसली असती. दांडा काढायला सिद्धांत पटायची गरज नव्हती. तुमच्या लेखातली मागणी या मापाची आहे का, हे तपासा, की वाचकाने आधी स्वतःची सगळी विचारसरणी बदलावी अशी तुमची अट आहे?

आणि दांडा काढला म्हणून साथ थांबली असंही स्नोने ठोकून दिलं नाही. लोक घरं सोडून पळाले होते, साथ आधीच उतरणीला लागलेली, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं. आपल्या बाजूच्या पुराव्यात जिथे भोक आहे ते आपणच दाखवायचं, म्हणजे बाकीच्या ठिकाणी वाचक भरवसा ठेवतो. सरकारी आरोग्य मंडळाच्या समितीला तरीही पटलं नाहीच, हेही सांगायला हवं. पण हेन्री व्हाइटहेड म्हणून तिथल्या चर्चचा तरुण पाद्री होता, त्याचा स्नोवर अजिबात विश्वास नव्हता, तो खोडून काढायलाच निघाला होता. घरोघरी त्याची ओळख, सगळ्यांना विचारत गेला आणि शेवटी त्यालाच ब्रॉड स्ट्रीटवरच्या 40 नंबरच्या घरातलं तान्हं बाळ सापडलं, जे साथ भडकायच्या आधीच आजारी पडलं होतं आणि ज्याचे लंगोट धुतलेलं पाणी त्या पंपाच्याच विहिरीला अगदी लागून असलेल्या शोषखड्ड्यात जात होतं. स्नोच्या म्हणण्याला सगळ्यात मजबूत टेकू असा विरोधकाकडून आला.

बरं, आता आकड्यांकडे येतो, कारण आकडा टाकला की लेख वजनदार होतो असा एक समज आहे. होतो, पण कुठल्या बाजूला पडेल सांगता येत नाही. ब्रिटनमध्ये 1995 साली औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट! बातम्या आल्या, बायकांनी घाबरून गोळ्या बंद केल्या, नको असलेली गर्भारपणं वाढली आणि पुढच्या वर्षी गर्भपात साधारण 13,000 ने वाढले असा अंदाज आहे. आणि मूळ आकडा काय होता, तर 7,000 बायकांत एकीला होणारा त्रास 7,000 त दोघींना. दुप्पट हा शब्द खोटा नव्हता हो, पण त्याने वाचकाला काहीच कळलं नाही, फक्त धडकी भरली. म्हणून "इतक्या टक्क्यांनी वाढ" असं लिहायची इच्छा झाली की कशाच्या किती, हेही त्याच वाक्यात लिहा, तळटीपेत नाही. मग आकडा छोटा दिसायला लागला तर? तर तो छोटाच आहे, दुसरा मुद्दा शोधा.

लिहिणारा कोण आहे याबद्दल थोडं. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं ते या दृष्टीने वाचण्यासारखं आहे. आयोग इंग्रज सरकारचा, आणि फुल्यांची भाषा इतर ठिकाणी किती धारदार असते ते आपल्याला माहीत आहे. इथे ते आधी सांगतात मी स्वतः कुठल्या शाळा काढल्या, मला हे कुठून माहीत. मग हिशोब, की महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांकडे जातो. मग मागण्या, आणि त्या इतक्या बारीक की बघत राहावं. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक होईल तेवढे शेतकरी वर्गातले घ्या, नांगराला हात लावायची लाज न वाटणारे, त्यांना पगार महिना 12 रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावांत 15 किंवा 20. राग आहे त्यात, नाही असं नाही, पण तो हिशोबात घातलाय. उपहास तुमच्या बाजूच्या लोकांना हसवतो आणि ज्याला पटवायचंय त्याला चिडवतो, म्हणून मी तरी धोरणावर लिहिताना तो वापरत नाही. मोह फार होतो, ते सोडा.

आता कितीही चांगलं लिहिलं तरी काही गोष्टी कागदावर पटतच नाहीत, लोकांना अनुभवायला लागतात. अशा वेळी लेखाने "करून बघा" एवढंच मागावं. स्टॉकहोममध्ये शहराच्या मध्यात गाडी नेण्यावर शुल्क लावायचं ठरलं तेव्हा बहुसंख्य लोक विरोधात होते. त्यांनी 2006 च्या जानेवारी ते जुलै प्रयोग केला, हद्द ओलांडणारी वाहतूक साधारण 20 टक्क्यांनी कमी झाली, मग शुल्क बंद केलं आणि गाड्या परत वाढल्या. वाढल्या हे लोकांनी डोळ्यांनी बघितलं, हा या सगळ्यातला खरा युक्तिवाद. सप्टेंबरमध्ये मतदान झालं, शहरात थोड्या मतांनी का होईना बाजूने कौल आला. आजूबाजूच्या ज्या नगरपालिकांनी मतदान घेतलं तिथे मात्र बहुमत विरोधातच राहिलं, हे सांगायला बरेच जण विसरतात. नव्याने आलेलं सरकार शुल्काला फारसं अनुकूल नव्हतं, तरी त्यांनी ते 2007 मध्ये कायम केलं आणि पैसे रस्ते बांधायला वळवले. म्हणजे गाडीवाल्यांना त्यांच्या कामाचं काहीतरी मिळालं. पर्यावरणवाले नाराज झाले असतील, पण धोरण टिकलं. नुकसान कुणाचं होणार हे तुम्ही लेखात लिहिता, पण त्याला बदल्यात काय देणार ही ओळ बहुतेक ड्राफ्टमध्ये नसते, जाऊन बघा आपापले.

प्रयोग मागताना एक पथ्य पाळा, कशाला यश म्हणायचं ते आधीच लिहून टाका. "गर्दी कमी झाली तर" हे चालणार नाही, कुठली, कधी, कोण मोजणार. आणि अपयश आलं तर बंद करायचं हेही लिहा. विरोधकाला सगळ्यात मोठी भीती हीच असते की एकदा सुरू झालं की हे कधी थांबणार नाही, आणि ती भीती अगदीच खोटी नाही, तात्पुरत्या म्हणून आलेल्या गोष्टी वर्षानुवर्षं चालतात.

बाकी बारीकसारीक गोष्टी पटकन सांगतो. मागणी पहिल्या चार-पाच ओळींत यायला पाहिजे, इतिहासाने सुरुवात करू नका, निर्णय घेणाऱ्याला समस्या माहीत असते. एका लेखात एकच मागणी. ‘व्हायला हवे’, ‘केले जावे’ अशी क्रियापदं दिसली की कोणी, असं शेजारी पेन्सिलीने लिहा. एका माणसाची गोष्ट जरूर सांगा, पण तो माणूस नेहमीचा आहे की अपवाद, हे प्रामाणिकपणे सांगून.

आता तुमच्याकडे काम. पुढच्या वेळी येताना प्रत्येकाने एक पान लिहून आणायचं, विषय कुठलाही, पण अट अशी की तुम्हाला जे धोरण मनापासून नको आहे त्याच्या बाजूने लिहायचं. मग ते पान आपण ज्यांना ते धोरण खरंच हवंय अशा कुणाला तरी वाचायला देऊ, आणि त्यांना "हे आपल्याच माणसाने लिहिलंय" असं वाटलं तरच ते पास. नावं पानाच्या मागे लिहा, पुढे नको.