बैल थांबला, पण त्याला काय वाटलं?

मंडळी, मेंदूत वीज सोडून खरी भीती किंवा राग जागवता-शमवता येतो का, हा आजचा विषय जाहीर झाल्यापासून जो भेटतो तो विचारतो, 'तो बैल सांगणार ना?' सांगतो. स्पेनमधलं कोर्दोबा, साल १९६३. होसे देल्गादो हा शास्त्रज्ञ रिंगणात उतरला. बैल अंगावर आला, याने हातातल्या रेडिओयंत्राचं बटण दाबलं, आणि बैल जागीच थांबून वळला. १९६५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते पहिल्या पानावर छापलं. तेव्हापासून 'विजेने राग शमवला' हे सगळ्यांना पाठ आहे. माझी तक्रार इथेच आहे. इलेक्ट्रोड, म्हणजे बैलाच्या मेंदूत वीज सोडणारी बारीक तार, होता पुच्छकेंद्रक या मेंदूच्या आतल्या भागात, आणि त्या भागाचा हालचालींशी थेट संबंध. राग गेला की नुसतं अंग वळवलं गेलं? एका बैलावरून हे कसं ठरवणार? सांगा ना!

याच देल्गादोचं १९५४ चं काम मात्र कुणी विचारत नाही. त्याआधी झुरिचचे शास्त्रज्ञ हेस यांनी मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांच्या मेंदूत खोलवर वीज सोडली होती. मांजरं फिस्कारत, पळू बघत. १९४९ चं नोबेल त्यांना मिळालं. पण मॅसरमन या संशोधकांनी १९४१ मध्येच आक्षेप घेतला होता : वीज चालू असताना मांजर दूधही चाटतं, म्हणजे हे भावनेचं नुसतं सोंग. आक्षेप फार चांगला होता, मला तो आजही आवडतो. त्याला उत्तर येल विद्यापीठात मिळालं. देल्गादो, रॉबर्ट्स आणि नील मिलर यांनी मांजराला एक चाक दिलं. ते फिरवलं की मेंदूतला प्रवाह बंद. मांजर चाक फिरवायला शिकलं! जिथे प्रवाह दिला, त्या अन्नापासून उपाशी मांजरही दूर राहायला शिकलं. नुसत्या स्नायूंच्या झटक्याने असं शिकणं होत नाही.

चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरलीत. मूळ मुद्दा धावतच सांगतो. १९५८ मध्ये रॉबर्ट्सना दिसलं की हायपोथॅलॅमसच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या भागाच्या, काही जागी प्रवाह सुरू झाला की मांजर सुटका पटकन शिकतं, पण तो सुरू होण्याआधीच टाळायला शिकत नाही. पिछाडीच्या हायपोथॅलॅमसमध्ये तर एकच इलेक्ट्रोड, तेवढाच प्रवाह, सुरुवातीला हवासा आणि लांबला की नकोसा. म्हणजे पळणं दिसलं की भीती सिद्ध झाली, असं नाही.

मध्यमेंदूतल्या नलिकेभोवतीच्या करड्या भागात चित्र वेगळं आहे. उंदराला प्रवाह थोडा दिला तर तो गोठतो, वाढवला तर सुसाट धावतो, उड्या मारतो. ब्राझीलमध्ये ग्रेफ या संशोधकांनी दाखवलं की चिंता कमी करणारी औषधं दिली की सुटकेची धडपड सुरू व्हायला जास्त प्रवाह लागतो. अचानक उसळणाऱ्या पॅनिकच्या झटक्यांचा अभ्यास आज याच भागाकडे बघून होतो, आणि जाग्या माणसांच्या मेंदूत तिथे वीज दिल्यावर त्यांनी स्वतः भीती वाटल्याचं सांगितलं आहे. चला, आता प्रश्न घेतो.