कमांडची नावं एवढी तोकडी का असतात?

नमस्कार मंडळी!

खानापूर, निपाणी, बेळगाव या आपल्या भागात मराठी शाळेतून दहावी करून डिप्लोमाला गेलेली पोरं मला सारखं एकच सांगतात. लॅबमध्ये काळ्या स्क्रीनवर एलएस, सीपी, ग्रेप असल्या कमांड, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञा, टाइप करायला लावल्या, काही कळलं नाही, आमचं इंग्रजीच कच्चं. पोरांनो, तुमच्या इंग्रजीचा इथं काही दोष नाही. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यालाही ग्रेप कुणीतरी शिकवावंच लागतं.

मग अशी नावं ठेवली का? पहिलं कारण जागा. 1957 साली आयबीएम कंपनीनं आपल्या 704 या कॉम्प्युटरसाठी फोरट्रान ही प्रोग्राम लिहायची भाषा आणली. त्या मशीनच्या मेमरीचा एक खण 36 बिटांचा, बिट म्हणजे एक 0 किंवा 1. एका अक्षराला 6 बिट लागायचे. म्हणजे एका खणात बरोबर 6 अक्षरं! म्हणून फोरट्रानमध्ये व्हेरिएबलचं, म्हणजे प्रोग्राममध्ये किंमत साठवायच्या जागेचं, नाव जास्तीत जास्त 6 अक्षरांचं. पुढं डॉस या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, फाइलच्या नावाला 8 आणि टिंबानंतरच्या एक्स्टेंशनला 3 अक्षरं मिळाली. तुमच्या फोटोच्या नावामागं जेपीईजीऐवजी जेपीजी दिसतं ना, ते त्या 3 अक्षरांमुळं.

दुसरं कारण बोटं. 1969 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत होते, या कमांड तिच्यातल्याच. त्या काळी स्क्रीन सगळ्यांकडं कुठली? टेलिटाइप असायचा, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेला टाइपरायटर. मॉडेल 33 घ्या: कडक बटणं, कागदाचा रोल, आणि छपाईचा वेग सेकंदाला 10 अक्षरं. दिवसभर त्यावर काम करायचं तर लिस्टचं एलएस होणार, कॉपीचं सीपी, मूव्हचं एमव्ही.

ग्रेप तर थेट एका आज्ञेतून आलंय. युनिक्सवर मजकूर लिहायच्या-सुधारायच्या ईडी नावाच्या प्रोग्राममध्ये जी, आरई, पी असं लिहायचे. जी म्हणजे सगळ्या ओळींत, आरई म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, आपण शोधतोय तो नमुना, आणि पी म्हणजे प्रिंट कर. बस्स!

आता मेमरी स्वस्त झाली, मग नावं का बदलत नाहीत? कारण तोवर हजारो प्रोग्राम त्या नावांवर उभे राहिलेले असतात. युनिक्समध्ये फाइल तयार करायच्या कॉलचं, म्हणजे प्रोग्रामनं युनिक्सकडून काम करून घ्यायच्या आज्ञेचं, नाव क्रिएट, पण त्याच्या स्पेलिंगमध्ये शेवटचा ई नाही. युनिक्स पुन्हा केलंत तर काय बदलाल, असं थॉम्पसनना विचारलं, तेव्हा त्यांनी तो ई घालीन असंच सांगितलं. तरी तो कॉल आजही ई शिवायच आहे. आपल्याकडंच बघा की: 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं, पण रेल्वेच्या तिकिटावर स्टेशनचा कोड बीजीएमच राहिला.

माझं स्पष्ट मत आहे: दिवसातून शंभरदा टाइप करायच्या कमांडला दोन अक्षरं ठीक. पण स्वतःच्या प्रोग्राममध्ये व्हेरिएबलला ए, बी, एक्स१ असली नावं देऊ नका, पूर्ण नाव द्या. आणि शिकवणाऱ्या सरांना, मॅडमना कळकळीची विनंती: कमांड फळ्यावर लिहिताना शेजारी तिचं पूर्ण रूप लिहा. मराठी माध्यमातून आलेल्या पोराचा अर्धा धाक तिथंच जातो.

सर नसतील तेव्हा काय करायचं? टर्मिनल, म्हणजे तीच काळी स्क्रीन, उघडा. मॅन्युअलमधलं मॅन, म्हणजे एम, ए, एन टाइप करा, एक जागा सोडा, पुढं कमांडचं नाव, एंटर. सुरुवातीलाच ती कमांड काय करते ते एका ओळीत दिसेल. आत्ताच एलएस घालून बघा आणि काय दिसलं ते खाली कॉमेंटमध्ये मराठीतून लिहा.