आधी भोगलं, मग ठरलं

मंडळी, इथे येताना मी ठाण्याच्या कोर्टनाक्यावरून जेलच्या भिंतीशेजारून चालत आलो. हा जेल म्हणजे पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला किल्ला. १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी तिथेच फाशी दिलं. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा खून २१ डिसेंबर १९०९ चा. म्हणजे खटला, निकाल, फाशी, सगळं चार महिन्यांत उरकलं. एवढी घाई कशाची, असा प्रश्न पडतो ना? मी आज उलट्या टोकाबद्दल बोलणार आहे.

वकिलीतली एक केस सांगतो. २०११ ची. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमधून तांब्याची वायर गेली. एकोणीस वर्षांचा पोरगा पकडला. जामीन मंजूर झाला, पंधरा हजारांचा, पण जामीनदार हवा होता. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आईला जामीनदार कोण मिळणार? रेशनकार्डसुद्धा गावच्या पत्त्याचं. जामिनाचा आदेश फाइलमध्ये राहिला आणि पोरगा आत राहिला.

साध्या चोरीला तेव्हा जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. निम्मी मुदत आत काढली तर कच्च्या कैद्याला, म्हणजे खटला संपायचा असलेल्याला, सोडावं, अशी तरतूद तेव्हाही होती. निम्मी म्हणजे अठरा महिने. याचे चौदा झाले होते. पंच साक्षीदार समन्स मिळूनही येत नव्हते, कधी आरोपीला आणायला पोलीस गाडी नसायची.

मग एका तारखेला तो मला म्हणाला, "साहेब, गुन्हा कबूल केला तर?"

मी काय सांगणार? कबूल केला तर भोगलेले दिवस शिक्षेत धरले जातील आणि बहुधा संध्याकाळी घरी. नाही म्हटलं तर पुढची तारीख. त्याने कबूल केलं. आदेश आला: आजवर भोगलेली कैद हीच शिक्षा.

चोर सोडून संन्याशाला सुळी ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. फास मोठा झाला म्हणून त्या मापाची मान शोधली. आम्ही त्या दिवशी तेच केलं, फक्त माप दिवसांचं होतं. चौदा महिने कुणी तोलूनमापून दिलेच नव्हते. ते साचले होते, त्यांना आम्ही नंतर शिक्षा हे नाव दिलं. वायर त्याने चोरली होती का, हे मला आजही माहीत नाही. विचारायची वेळच आली नाही.

हा एकटाच नव्हे. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसं होती, त्यांतली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. ज्यांचा दोष ठरलेला नाही असे, दर चारांत तीन. हुसैनआरा खातून खटल्यात १९७९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने जलद सुनावणी हा मूलभूत हक्क मानला होता. १ जुलै २०२४ पासूनच्या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेत, आधी कधीही दोषी न ठरलेल्यासाठी निम्म्याची अट एक तृतीयांशावर आली. या पोराच्या हिशेबात ते बारा महिने. दोन महिने आधी सुटला असता. पण जामीनदाराचं काय? बारा महिने भरायच्या आदल्या दिवसापर्यंत तो प्रश्न तसाच राहिला असता.

समोरचे काका मघापासून मान हलवताहेत. ज्याची चोरी झाली त्याचं काय, हेच ना? बरोबर आहे. वर्कशॉपचा मालकही तारखांना यायचा, दिवसाचा धंदा बुडवून. वायर मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्यात पडून. मला एकदा कँटीनमध्ये म्हणाला, "वकीलसाहेब, मला माझी वायर पाहिजे होती. या पोराला आत ठेवून माझं काय भलं झालं?"

निकालाच्या दिवशी आदेशाची नक्कल घेऊन पोरगा जिन्यात थांबला होता. म्हणाला, "साहेब, नाही म्हटलं असतं तर पुढची तारीख कुठली होती?"

मी डायरी काढून बघितली. सात आठवड्यांनंतरची होती.