चलनावर साडेतीन कसे वाजले?

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका गाळ्याचं ऑफिस. सकाळचे दहा वाजलेत. प्रिंटरमधून आलेल्या, गाडीतल्या मालासोबत द्यायच्या चलनावर मात्र वेळ छापलीय दुपारी साडेतीनची.

"भाऊ, रोज हातानं दुरुस्त करतो, तरी परत तेच," मालक वैतागलेत. दुरुस्तीला आलेला तरुण स्क्रू ड्रायव्हर काढतही नाही. तो आधी फरक मोजतो. साडेपाच तास, मिनिटभर इकडे ना तिकडे. म्हणजे यंत्र बिघडलेलं नाही, हिशेबात घोळ आहे.

मदरबोर्डवर एक वेगळं घड्याळ असतं. संगणक बंद असला तरी ते चालू राहतं. विंडोज त्यात भारतीय वेळ लिहून ठेवतं. लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली तीच वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजून वर आपले साडेपाच तास मिळवते. या संगणकावर दोन्ही आहेत. लिनक्समध्ये वेळ दुरुस्त केली की विंडोज साडेपाच तास मागे पडतं. तिथं कुणी ती सुधारली की लिनक्स पुन्हा पुढे!

फरक असा नेमका नसता, तर तपास दुसरीकडे वळला असता. सुट्टीनंतर मेन स्विच चालू केल्यावर जुनीच तारीख दिसली, तर संशय सीआर 2032 या बटण सेलवर. दिवसाला एखाददोन सेकंद सरकत असतील, तर ते सेकंदाला 32,768 वेळा कंप पावणाऱ्या स्फटिकाचं चालायचंच.

पण इंटरनेट असताना वेळ आपोआप का जुळली नाही? तरुण लिनक्सच्या टर्मिनलवर, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, 'टाइमडेटसीटीएल' ही घड्याळाची स्थिती दाखवणारी कमांड टाइप करतो. सिंक्रोनाइज्डपुढे, म्हणजे वेळ जुळली आहे का याला, उत्तर येतं, 'नो'. ऑफिसच्या फायरवॉलनं, म्हणजे नेटवर्कच्या राखणदारानं, यूडीपी 123 पोर्ट ही वाट अडवलीय, आणि इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारं एनटीपी त्याच वाटेनं वेळ आणतं.

पोर्ट उघडण्याआधी तो चलनाचं सॉफ्टवेअर बंद करायला लावतो. घड्याळ मागे उडी मारणार. सॉफ्टवेअर चालू राहिलं, तर आत्ताचं चलन मघाच्या चलनाआधीचं दिसेल. मग विंडोजलाही यूटीसी पाळायला सांगणारी सेटिंग. पुन्हा तीच कमांड. 'येस'.

आधी छापलेल्या चलनांवरची वेळ मात्र यानं बदलत नाही. मालक गेटवरची नोंदवही मागवतात, आणि एकेका गाडीची खरी वेळ पेननं चलनावर चढू लागते.